इंटर्नच्या खोलीला आतून कडी हवी

प्रति,
राज्याचा वैद्यकीय शिक्षण विभाग, सार्वजनिक आरोग्य विभाग आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ येथील सर्व संबंधितांस,

सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी भागात, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) मी वैद्यकीय अधिकारी आहे. इथे माझे सोळा पावसाळे झाले. आमच्याकडे वर्षभर शिकाऊ मुलं येत-जात असतात. एमबीबीएसचे इंटर्न येतात, बीएएमएसचे येतात, बीएस्सी नर्सिंगच्या मुली कम्युनिटी पोस्टिंगला येतात. पहिल्या दिवशी चहाला बसलो की मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारते. पुढे काय करायचं ठरवलंयस? आणि ते नेमकं कधी ठरलं? उत्तरं मी एका जुन्या ओपीडी रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेवते. सुरुवातीला मुलांची नावं लक्षात राहावीत म्हणून लिहायचे, पुढे सवय लागली.

काही दिवसांपूर्वी एका बैठकीत एक वाक्य पुन्हा ऐकलं: ‘हल्लीच्या मुलांना सेवाभावच नाही, त्यांना पैसा हवा आणि आराम हवा.’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की एरवी सोडून दिलं असतं. त्या रात्री मात्र घरी आल्यावर रजिस्टर काढलं आणि पहिल्या पानापासून वाचत गेले. पैसा त्यात आहे. आरामही आहे, का नसावा? पण पानामागून पान वाचताना जे जाणवलं ते वेगळंच होतं. या मुलांनी त्यांना जे दिसलं त्यातूनच निवडलंय. जे कधी दिसलंच नाही ते त्यांच्या यादीत नाही. आणि त्या साडेपाच वर्षांत त्यांना काय दिसावं, कुठून दिसावं, कोणाच्या तोंडून ऐकू यावं, हे सगळं तुम्ही आणि आम्ही मिळून ठरवतो. म्हणून हे पत्र.

‘कधी ठरलं’ या प्रश्नाला सगळ्यांत जास्त वेळा आलेलं उत्तर सांगते. ‘ठरलं असं नाही मॅडम, नंबर लागला.’ एमबीबीएसला नाही लागला. बीडीएसला, म्हणजे दंतवैद्यकाला, लागत होता, पण पुढे दवाखान्यात खुर्ची टाकायला पैसे कुठून आणायचे, म्हणून बीएएमएस. नीटला दरवर्षी वीस लाखांहून जास्त मुलं बसतात. सतराव्या वर्षी लातूरला नाही तर कोट्याला खोली घेऊन राहिलेल्या पोराने तोवर आयुष्यात किती आजारी माणसं जवळून पाहिलेली असतात? त्याला डॉक्टर व्हायचं असतं ते गावातल्या एखाद्या डॉक्टरचा मान पाहून, किंवा घरातल्या कुणाच्या आजारपणात झालेली धावपळ पाहून. ही दुसरी मुलं मला लगेच ओळखू येतात. पेशंटच्या नातेवाइकांना ती बसायला सांगतात.

फी हा विषय मी थोडक्यात आटोपते, कारण तो तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काही अभिमत विद्यापीठांत एमबीबीएसची फी वर्षाला २० लाखांच्या वर आहे. रजिस्टरमध्ये एका मुलाची ओळ आहे: ‘पप्पांनी रस्त्याला लागूनची जमीन विकली तेव्हाच ठरलं.’ त्याने पुढे काय करावं हे त्याला कोणी विचारायचीच गरज उरली नव्हती. अशा मुलाला सेवाभाव शिकवायला मला तोंड नाही.

गावाकडच्या मुलांबद्दल मात्र एक गोष्ट ठामपणे सांगण्यासारखी आहे. खेड्यात वाढलेला विद्यार्थी खेड्यात काम करण्याची शक्यता जास्त असते, म्हणून अशा मुलांना प्रवेशात वाट करून द्या, महाविद्यालयं मोठ्या शहरांबाहेर काढा आणि शिक्षणातच ग्रामीण भागातलं प्रत्यक्ष काम ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आणि २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. माझं रजिस्टर याला दुजोरा देतं. पण त्यात एक दुखरी गोष्टही आहे. आमच्याच तालुक्यातली, नागलीची भाकरी खाऊन वाढलेली, आईबाप हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात अशी मुलंसुद्धा पाच वर्षांनी इंटर्न म्हणून परत येतात तेव्हा ‘इथे काय करणार मॅडम?’ असं विचारतात. जाताना त्यांनी हे विचारलं नव्हतं. मधल्या पाच वर्षांत त्यांना काहीतरी शिकवलं गेलं, जे कुठल्याही अभ्यासक्रमात छापलेलं नाही.

ते कसं शिकवलं जातं हे मी स्वतः अनुभवलंय. मोठ्या रुग्णालयात सकाळचा राउंड चालू असतो. खालून पाठवलेला पेशंट असतो, उशीर झालेला असतो. सर चिठ्ठी हातात घेतात, वाचतात, आणि सगळ्यांसमोर विचारतात, ‘हा कुठल्या पीएचसीच्या डॉक्टरने पाठवलाय?’ युनिटमध्ये हसू पिकतं. वीस-एकवीस वर्षांची पोरं तेव्हा शेवटच्या रांगेत उभी असतात. मीही उभी होते आणि मीही हसले होते. मोठ्या रुग्णालयात पीएचसीचा डॉक्टर दिसतो तो फक्त त्याच्या चुकलेल्या किंवा हाताबाहेर गेलेल्या पेशंटच्या रूपात. त्याने जे शंभर पेशंट जागच्या जागी बरे केले ते वर पोचतच नाहीत, त्यामुळे ते कोणाला दिसत नाहीत. साडेचार वर्षं असा एकाच बाजूने तो दिसत राहिला, तर कोणत्या शहाण्या मुलाला त्याच्यासारखं व्हावंसं वाटेल? त्यात घरी गेलं की नातेवाईक विचारतात, ‘नुसतं एमबीबीएस?’ लग्नाच्या बाजारात तर हा ‘नुसतं’ शब्द आधी येतो आणि स्थळ नंतर. बहुतेक विद्यार्थ्यांना सगळ्या शिक्षणात फॅमिली मेडिसिनचा एकही प्राध्यापक भेटत नाही. ज्या कामाचा प्राध्यापकच नाही ते काम कमी दर्जाचं, असं मुलं समजतात.

यावर माझा एक साधा प्रयोग आहे. विंचूदंशाच्या उपचाराबद्दल मी प्रत्येक बॅचला विचारते. ‘प्राझोसिन,’ असं उत्तर सगळे एका सुरात देतात, कारण परीक्षेत तो प्रश्न येतो. मग मी विचारते, हे कुठे सापडलं? अमेरिकेत, कोणीतरी म्हणतं. दिल्लीत, दुसरं म्हणतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लाल विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि लेकरं डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिली, प्रत्येकाच्या नाडीची, रक्तदाबाची, छातीतल्या पाण्याची नोंद ठेवली, ती निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली आणि पुढे प्राझोसिनच्या वापराने हे मृत्यू विलक्षण कमी झाले, हे ऐकलं की मुलं माझ्या टेबलावरच्या रजिस्टरकडे पाहायला लागतात. डॉ. बावस्करांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली हेही मी सांगते, पण मुलांचे डोळे चमकतात ते रजिस्टरच्या गोष्टीने. असलंच रजिस्टर, असलीच खोली. हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. औषधाचं नाव पाठ करून घेतलं जातं, ते कुठल्या खुर्चीत बसून सापडलं ते गाळलं जातं.

आता भीतीबद्दल. याविषयी आपल्या कागदपत्रांत मला फारसं काही सापडत नाही, आणि माझ्या रजिस्टरमध्ये ते पानापानांवर आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी एक हुशार मुलगी इंटर्न म्हणून आली होती. रेडिओलॉजी करायची, असं तिने सांगितलं. आवड आहे का, विचारलं. ती जरा थांबली. तिसऱ्या वर्षाला असताना कॅज्युअल्टीत तिने एका निवासी डॉक्टरला नातेवाइकांकडून मार खाताना पाहिलं होतं. पेशंट आणतानाच गेलेला होता. तो डॉक्टर जमिनीवर पडलेला आपला चष्मा चाचपडत शोधत होता, एवढंच चित्र तिच्या डोक्यात राहिलं. ‘रेडिओत पेशंट आपल्याशी भांडत नाही मॅडम.’ तिच्या निवडीला बाहेरून कोणी ‘लाइफस्टाइल ब्रांच’ म्हणेल. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला राज्यात २०१० पासून कायदा आहे. तो कायदा तिने पाहिलेला नाही, चष्मा शोधणारा डॉक्टर पाहिलाय.

मुलींच्या बाबतीत ही यादी आणखी लांब. ऑर्थो मुलींनी घेऊ नये. सर्जरी घेतलीस तर लग्नाचं काय? डर्मा बरी, संसार सांभाळून होते. हे सांगणारे घरचे असतात आणि कॉलेजातले शिक्षकही असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या वडिलांचे फोन बदलले. आधी ते विचारायचे, जेवणाची सोय आहे का. आता विचारतात, खोलीला आतून कडी आहे का.

हा प्रश्न अक्षरशः असाच विचारला गेला, म्हणून सांगते. एक वडील मुलीला सोडायला स्वतः आले होते. शेतकरी माणूस, टोपी काढून हातात धरलेली. क्वार्टरच्या दाराशी गेले, दार आतून लावून पाहिलं. कडी होती, पण कोयंडा निखळलेला. वरचा खिळा निघालेला आणि लाकूड कुजलेलं, त्यामुळे नुसतं ढकललं तरी दार उघडत होतं. मागच्या बाजूचं संडास अंगणाच्या पलीकडे, तिथला दिवा गेलेला. त्यांनी मला काही बोल लावला नाही. ‘मॅडम, तुमचा दोष नाही,’ एवढं म्हणाले आणि मुलीची बॅग परत गाडीत ठेवली. त्या मुलीची तिच्या कॉलेजच्या गावातच सोय झाली. कागदावर तिचं पोस्टिंग पूर्ण आहे. बसमधून उतरली तेव्हा ती मला म्हणाली होती की तिला बालरोगतज्ज्ञ व्हायचंय आणि कुपोषित मुलं तिला प्रत्यक्ष पाहायची आहेत. ते तिला इथे दिसलं असतं. आमच्या पोषण पुनर्वसनाच्या यादीत त्या आठवड्यात तीन बाळं होती.

त्या कोयंड्यासाठी मी तीन वेळा लिहिलं होतं. देखभाल-दुरुस्तीचा निधी वेगळ्या शीर्षाखाली येतो, इंटर्न आमच्या विभागाचे कर्मचारी नाहीत, म्हणून त्यांच्या राहण्यासाठी खर्च दाखवता येत नाही, असं तोंडी उत्तर मिळालं. इथे मी मूळ मुद्द्यावर येते. आरोग्य केंद्र सार्वजनिक आरोग्य विभाग आणि जिल्हा परिषदेचं. इंटर्न वैद्यकीय शिक्षणाचा. त्यामुळे मुलगा आमच्याकडे पाहुणा म्हणून येतो. पाहुण्याला कोणी काम सांगत नाही आणि पाहुणाही कोणावर विसंबत नाही. त्याच्या लॉगबुकवर सही मी करते, पण त्याने काय केलं याने त्याचं काही बनत-बिघडत नाही. त्याचं भवितव्य ठरतं नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या दोनशे प्रश्नांत, म्हणून तो औषधांच्या खोलीत खोकी सरकवून बसतो आणि मोबाइलवर प्रश्न सोडवतो. मी त्याला रागावत नाही. त्याच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

अशा बॅचमधला एक मुलगा मला कायम आठवतो. मितभाषी, अभ्यासू, कानात सतत हेडफोन. ऑगस्टमधली पावसाची रात्र होती. अडीचच्या सुमारास नऊ वर्षांच्या पोराला खांद्यावर घेऊन बाप आला. पोट दुखतंय, एवढंच सांगत होता. उलटी नाही, ताप नाही. पोरगं जमिनीवर झोपलेलं होतं. मी दुसऱ्या टेबलावर बाळंतिणीत अडकले होते. इंटर्नने पोट तपासलं, मऊ होतं. तेवढ्यात आमच्या सिस्टर म्हणाल्या, ‘सर, पोटाचं सोडा, याच्या पापण्या बघा.’ पापण्या खाली येत होत्या. वर बघ म्हटलं तरी उघडेनात. मण्यार चावली की बऱ्याचदा खूण दिसत नाही, सूज नसते, पोट दुखतं, मग पापण्या जड होतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. सिस्टरांनी पंचवीस पावसाळ्यांत हे किती वेळा पाहिलं असेल. सर्पविषावरच्या औषधाच्या दहा व्हायल लागल्या, अॅट्रोपिन-निओस्टिग्मिन दिलं, तरी पोराचा श्वास उथळ होत गेला. १०८ आली. घाटातून जिल्हा रुग्णालयापर्यंत पावणेदोन तास. तेवढा वेळ त्या इंटर्नने हाताने श्वास देणारी अँबू बॅग दाबत नेली. हात भरून आला की डावा, डावा भरून आला की उजवा. अँब्युलन्समधल्या डॉक्टरांनी दोनदा ‘द्या माझ्याकडे’ म्हटलं, त्याने दिली नाही. पोरगं वाचलं. चार दिवसांनी व्हेंटिलेटरवरून निघालं.

हा मुलगा पुढे काय झाला? त्याने अॅनेस्थेशिया घेतलं. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या नावापुढे मी ‘मेडिसिन किंवा रेडिओ, रँक येईल तसं’ असं लिहिलेलं आहे. जाताना त्याने मला ते खोडायला लावलं. आज तो पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आहे, आमच्यासारख्या भागात नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. एका रात्रीत त्याला स्वतःच्या हातात काय आहे ते कळलं. माझं म्हणणं एवढंच आहे की ती रात्र त्याला अपघाताने मिळाली. बाकीचे त्या रात्री गावातल्या खोलीत होते, कारण रात्री थांबायची सक्ती नव्हती आणि सोयही नव्हती.

नर्सिंगच्या मुलींबद्दल याच पत्रात लिहायलाच हवं, कारण आरोग्याचं शिक्षण म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फक्त एमबीबीएस येतं. गेल्या उन्हाळ्यात उपकेंद्राच्या ओट्यावर बसून दोन मुली मोबाइलवर जर्मन शब्द घोकत होत्या, देवनागरीत वहीत लिहून. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याची बातमी त्यांनी जपून ठेवली होती. मी विचारलं, एवढ्या लांब का? एकीने तिच्या मावशीबद्दल सांगितलं. मावशी आरोग्य सेविका, बारा वर्षं कंत्राटी. दर अकरा महिन्यांनी ऑर्डर संपते, मधे एक दिवस तांत्रिक खंड पडतो, आणि त्या एका दिवसात मावशी कोणाशी धड बोलत नाही. ‘मी लहानपणापासून तो दिवस बघते मॅडम.’ जर्मनीतला पगार तिने मला सांगितला नाही, तो दिवस सांगितला. मुली परदेशी जातात त्याचा मला आनंद आहे, त्यांचं भलं होवो. पण इथे थांबायची इच्छा असलेल्या मुलीला आपण घरातच अशी मावशी दाखवत असू, तर तिला थांबवायला शब्द कुठून आणायचे?

बीएएमएसच्या मुलांचं थोडक्यात सांगते, कारण त्यांचं दुखणं खोल असलं तरी त्यांनी ते कधी चढ्या आवाजात मांडलं नाही. १०८ गाड्यांवर बहुतेक आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टर. शहरातल्या किती अतिदक्षता विभागांत रात्रपाळी हीच मुलं सांभाळतात. माझ्याबरोबरचे दुसरे वैद्यकीय अधिकारी बीएएमएस आहेत, गट ब, म्हणजे माझ्याहून खालच्या श्रेणीत. गावात लोक त्यांच्याकडे जास्त जातात. इंटर्न मात्र बैठकीत कोण कुठल्या खुर्चीत बसतं ते बघून ठेवतात. एका मुलाने मला विचारलं होतं, ‘मॅडम, मी आयुर्वेद शिकलो त्याचं कुठे काही होईल का, की मी आयुष्यभर रात्रपाळीच करायची?’ मला उत्तर सुचलं नव्हतं. अजूनही नाही.

आपल्याकडे धोरण नाही असं कोणी म्हणू शकणार नाही. भोर समितीने १९४६ मध्येच सामाजिक भान असलेला डॉक्टर घडवायचं लिहून ठेवलं आणि त्यासाठी तीन महिन्यांचं खास प्रशिक्षण सुचवलं. श्रीवास्तव समितीचा अहवाल १९७५ चा, त्यानंतर १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाला गावाकडे वळवण्याची योजना आली. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, १९६९ मध्ये स्थापना झाल्यापासूनच्या परंपरेने, पहिल्या वर्षाची बॅच एक गाव दत्तक घेते आणि त्या गावात शिबिराला राहते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२१ च्या इंटर्नशिप नियमांत जनऔषधवैद्यकशास्त्राला (पीएसएम, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विषय) बारा आठवडे दिले, २०२२ पासून विद्यार्थ्यांनी गावातली कुटुंबं दत्तक घेण्याची योजना आली, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात पाठवायला सुरुवात झाली. कागदावर हे सगळं माझ्या मनासारखं आहे. पण दुसऱ्या बाजूला २०२१-२२ च्या केंद्राच्या आकडेवारीत ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत गरजेच्या मानाने सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर जागा भराव्यात म्हणून नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली, म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. रिकाम्या राहणाऱ्या जागा बहुतांशी शरीररचनाशास्त्रासारख्या, पेशंट न तपासणाऱ्या नॉन-क्लिनिकल विषयांच्या असतात, म्हणजे जे शिक्षक उद्याच्या मुलांना पहिल्या वर्षापासून घडवणार, त्यांच्याच.

मग मी मागतेय तरी काय? मला नवी योजना नको.

जे बारा आठवडे आधीच आहेत ते खरे करा. दोन्ही विभागांनी मिळून एकच आदेश काढावा की त्या काळात इंटर्न आरोग्य केंद्राच्या ड्यूटी तक्त्यावर असेल, रात्रीसकट. त्याच्या राहण्याची जबाबदारी कोणाची हे त्यात नावानिशी लिहा, म्हणजे कोयंड्याचा अर्ज कुठे करायचा ते मला कळेल. मुलीला पाठवण्याआधी खोली, संडास, दिवा, पाणी हे कॉलेजच्या माणसाने स्वतः येऊन पाहावं आणि मगच सही करावी. इंटर्नने इथे केलेल्या कामाला पुढे काही वजन द्या. तमिळनाडूत सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना राज्याच्या वाट्याच्या पदव्युत्तर जागांत ५० टक्के वाटा मिळतो, आपल्याकडेही २०२२ मध्ये २० टक्क्यांचा निर्णय झाला. हे इंटर्नला कोणी समजावून सांगत नाही. पीएचसी म्हणजे गाडी सुटलेलं स्टेशन असंच त्याला वाटत राहतं. माझ्या तोंडून त्याला ते पटत नाही, कारण मी इथेच थांबलेली आहे. सेवेत राहून पुढे शिकलेल्यांना त्याच्यासमोर उभं करा.

आणि शिक्षक पाठवा. वर्षातून दोन दिवस पुरे, फक्त पीएसएमचे नकोत, सर्जरीचे, मेडिसिनचे, गायनॅकचेही. सरांनी माझ्या ओपीडीत शेजारच्या खुर्चीवर बसावं आणि मुलांसमोर मला विचारावं, ‘मॅडम, तुम्ही हे का नाही पाठवलं, इथेच कसं बरं केलं?’ असा प्रश्न एकदा जरी त्या पोरांच्या कानांवर पडला तरी राउंडमधलं ते हसू पुसलं जाईल. तसंच आमच्या सिस्टरांना तुमच्या वर्गात बोलवा. पापण्यांचा तो धडा त्या माझ्यापेक्षा चांगला शिकवतात. मानधन नको म्हणतील, पण येण्याजाण्याचं भाडं आणि त्या दिवसाची रजा ड्यूटी म्हणून धरावी लागेल. कंत्राटी आरोग्य सेविकांचा प्रश्न या पत्राच्या आवाक्याबाहेरचा आहे हे मला कळतं. तरी ज्या मुली शिकतायत त्यांच्यापुढे तो एक दिवसाचा खंड तरी बंद करा.

मी का थांबले, असं मुलंही मला विचारतात. बंधपत्राचं एक वर्ष करायला आले होते आणि गायनॅकची पुस्तकं बरोबर आणली होती. पहिल्याच महिन्यात इथल्या एका जुन्या आरोग्य सेविकेने मला आडव्या बाळाची बाई हात लावून ओळखायला शिकवलं, सोनोग्राफीशिवाय. त्यांच्याइतकी सफाई आपल्या हाताला यावी असं वाटत राहिलं. त्या आता निवृत्त आहेत. अजून तितकी सफाई आलेली नाही.

पुढच्या सोमवारी नवीन बॅच येतेय. सहा जण, त्यांतल्या चार मुली. कोयंडा नवा बसवलाय, आमच्या शिपाईमामांनी तालुक्याहून आणला आणि कुजलेल्या जागी पट्टी ठोकून घेतली. अंगणातला दिवा लागतो. पाण्याची मोटर मात्र अजून जळालेलीच आहे, तिचा अर्ज दोन्ही विभागांना पाठवलाय. रजिस्टरची कोरी पानं संपली, म्हणून या वेळी मी नवी वही आणली आहे.

आपली,
एक वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, जि. नाशिक